पाठकोरं पत्रक

दोन्ही बाजूंनी कोरा कागद मी लहानपणी पाहिला तो फक्त रिमाच्या गठ्ठ्यात. घरात वापरायचा कागद पाठकोरा असायचा. एका बाजूला कुणाची तरी सभा, कुणाचा तरी निषेध, कुठल्या तरी तालमीचे फुटबॉलचे सामने, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. छपाईत वाया गेलेले हे कागद डब्यांच्या तळाशी असत, फडताळात अंथरलेले असत, तव्यावरच्या भाकऱ्या त्यांच्यावरच निवत. आईची वाणसामानाची यादी त्यांच्यावर, माझी गणितं त्यांच्यावर. कधी भाकरीच्या पापुद्र्यावर 'धिक्कार' हा शब्द उलटा उमटायचा. बाबा तो तुकडा माझ्या ताटात टाकत म्हणायचे, "खा. पोटात गेलेलं माणूस विसरत नाही." मी खाल्लं, आणि खरंच काही विसरले नाही. लोक मला आजही म्हणतात, उज्ज्वला, जरा सोडून द्यायला शीक. मला ते जमत नाही, आणि जमवावं असं अजून वाटलेलं नाही.

शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात पुढची खोली छापखान्याची, मागची दोन घराची. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक जुनं ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसी आणि भिंतीला टेकवलेले कागद. ट्रेडलचा आवाज चालू असला की आई बोलताना प्रत्येक वाक्य त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत बसवायची. यंत्र बंद पडलं तरी तिची ती सवय जात नसे. बाबा बिलबुकं छापत, लग्नपत्रिका छापत, पण जीव पत्रकांत. एखाद्या जयंतीच्या आधीचा महिना तर घरात झोपायलाही ओले कागद बाजूला सारावे लागत. सातवीत असल्यापासून मी खिळे जुळवायची. अक्षर उलटं वाचता येणं ही आमच्या घरातली साक्षरता. आणि बाबांचा एक नियम होता. कुठल्याही पत्रकाच्या तळाला छापखान्याचं नाव पाहिजे. "ज्याला खाली सही करायची नाही, त्यानं वर बोंबलू नये," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं परत गेलेली मी पाहिली आहेत.

शाई आमच्याकडे आली ती अशाच एका ढिगात. कागदाच्या कातरणांच्या पोत्यात कुणीतरी काळंभोर पिल्लू आणून टाकलं होतं. मऊ कानांची, गावठी कुत्री. मोठी झाल्यावर तिचा काळा रंग असा चकाकायचा की गिऱ्हाइकं म्हणत, हिच्यावर छपाईचा रूळ फिरवता की काय. ती यंत्राखाली झोपायची आणि ठोके थांबले की जागी व्हायची. आई तिला दुधात भाकरी कुस्करून घालायची आणि वर बडबडायची, "आमच्या मुरगूडला म्हशीबी एवढ्या लाडानं खाईत न्हाईत, महाराणी." आई मुरगूडची, म्हशींच्या गोठ्यात वाढलेली. जनावराच्या अंगावरून तिचा हात फिरला की कुठे काय बिघडलंय ते तिला कळायचं.

मी अकरावीत होते त्या वर्षी फाल्गुनातच ऊन तापलं. जनावरांच्या औषधाचं दुकान असलेल्या एका गिऱ्हाइकानं पत्रकाची ऑर्डर दिली होती: 'वसंत ऋतूत आपल्या पाळीव प्राण्यांची काळजी'. पाठपोट छापायचं होतं. पुढची बाजू मीच जुळवली. पाण्याचं भांडं सावलीत ठेवावं, रोज बदलावं. ऊन वाढलं की गोचीड वाढतात, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघावं. सणाचे रंग जनावरांना लावू नयेत. पिसाळण्याची लस चुकवू नये. गोचिडाचं औषध पाण्यात मिसळून केसांच्या उलट्या दिशेनं चोळावं. आणि तळाला, पान उलटायला सांगणारी तीन अक्षरं, कृ. मा. प. पाठीमागचा मजकूर दुकानदाराला कुणा जाणत्याकडून तपासून घ्यायचा होता, म्हणून तो यायचा होता. बाबांनी पुढची बाजू छापून गठ्ठे बांधून ठेवले. बिघडलेले पंधरा-वीस कागद नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले.

रंगपंचमीला आमच्या बोळात माणूस ओळखू येत नाही. त्या दिवशी दुपारी सगळ्या घरांतून तांबड्या रश्श्याचा वास सुटलेला, आई मटणाला फोडणी देत होती, आणि मी शाईला हाका मारत होते. ती दाराशी आली आणि मी तिला ओळखलं नाही. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत ती चंदेरी होती. लोखंडी गेटला लावतात तो रंग. पापण्या चिकटलेल्या, मिशा ताठ. ती डोकं झटकत होती आणि मागे अख्खा बोळ हसत होता.

बोळाच्या तोंडाशी धनाजीरावांचं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान. आम्ही पोरं त्यांना धनूकाका म्हणायचो. गोरा, जाडजूड, तालमीत वर्गणी देणारा, मोठ्यानं हसणारा माणूस. ब्रश अजून त्यांच्या हातात होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

"काय गं उज्जे, तुमचं काळं बेणं कसं उजळलं बघ! चांदीचा मुलामा दिलाय, फुकट!"

"काका, तिच्या डोळ्यांत गेलाय रंग."

"आगं, रंगपंचमी हाय! उद्या निघंल की."

"तुमच्या पोराला लावा की मग हाच रंग."

हसणं जरा थांबलं. धनूकाकांनी मोबाइल खिशात घातला. "पत्रकं छापून छापून जीभ लई धारदार झालीया गं तुमच्या घरात," ते म्हणाले आणि वळून गेले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पेठेतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला होता. त्यात शाई चार वेळा पडते. मी तो आजपर्यंत जपून ठेवला आहे.

छापखान्यातली माणसं डाग काढतात ते रॉकेलनं. रूळ रॉकेलनं, खिळे रॉकेलनं, हात रॉकेलनं. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. मी आणि आईनं मोरीत बसून शाईला चिंध्यांनी घासलं, मग साबणानं, मग पुन्हा रॉकेलनं. रंग निघाला, पण त्याच्याबरोबर पोटावरचे आणि मांड्यांवरचे केस निघाले, खालचं कातडं लालभडक झालं. ती कण्हत नव्हती. फक्त माझ्या मनगटावर दात टेकवून ठेवायची, चावायची नाही. त्या दातांचा दाब माझ्या मनगटाला आजही आठवतो, आणि तो आठवला की मला धनूकाका आठवतात, त्यांचं ते हसणं आठवतं, आणि मी मनातल्या मनात खिळे जुळवायला लागते.

तीन दिवसांनी आईला शाईच्या कानात गोचीड दिसले, द्राक्षाच्या मण्यांसारखे फुगलेले. बाबा सकाळीच इचलकरंजीला गेले होते. तिथल्या यंत्रमाग कामगारांची सभा होती, त्यांची पत्रकं घेऊन, एक दिवस राहून येणार होते. आईनं माळ्यावरून मुरगूडच्या मामानं दिलेली बाटली काढली. म्हशींच्या गोचिडांचं औषध, चिठ्ठी केव्हाच धुऊन गेलेली. "कसं लावायचं ते बघू या, छापलंय की आपणच," म्हणत तिनं चपातीच्या डब्याखालचा कागद ओढला. मी वाचून दाखवलं. पाण्यात मिसळून, केसांच्या उलट्या दिशेनं. शेवटी कृ. मा. प. आलं तसा आईनं कागद उलटला.

"मागं कोरं हाय," ती म्हणाली.

आमच्या घरात सगळेच कागद मागं कोरे असत. ती तीन अक्षरं मी स्वतःच्या हातांनी जुळवली होती, आणि तरी मला काही वाटलं नाही. आईनं म्हशीच्या हिशोबानं झाकण भरलं आणि सोललेल्या पोटापर्यंत नीट, मायेनं, उलट्या दिशेनं औषध चोळलं. शाई ते चाटत बोळात गेली.

बाराच्या सुमाराला मी दारात उभी होते. धनूकाका दुकानाच्या पायरीवर जेवत होते. त्यांनी शाईकडे बघून च्यक् च्यक् केलं आणि एक हाडूक टाकलं. तिनं ते खाल्लं. मला वाटलं, बघा, लाज वाटतेय आता. दोनच्या आत शाई यंत्राखाली थरथरत पडली होती, तोंडातून लाळेची तार, पाय ताणलेले.

रिक्षातून आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी पापणी वर केली आणि विचारलं, "अंगाला काही लावलंत? गोचिडाचं औषध, पावडर, काही?"

आई म्हणाली, "सकाळी जरासं…"

"आई, तू थांब!" मी ओरडले. "डॉक्टर, हिला विष घातलंय. आमच्या बोळातल्या एकानं. हाडकातनं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"नक्की?"

"नक्की."

"अंगाला काही नाही ना?"

"नाही म्हटलं ना!"

आई गप्प बसली. मी शिकलेली, ती नाही, असं आमच्या घरात तिनंच ठरवून टाकलेलं होतं. डॉक्टरांनी पोटातून विष गेलंय असं धरून उपचार केले, सलाइन लावलं, उद्या पुन्हा आणा म्हणाले. मी इतकी वर्षं या वाक्यांपाशी येते आणि थांबते. मला तेव्हा शाई जगायला हवी होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला ते विष धनूकाकांचं असायला हवं होतं. सोळाव्या वर्षी मला या दोन गोष्टी एकच वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी छापखान्यात शिरले. शाई यंत्राखाली श्वास मोजत पडली होती, आणि तिच्या डोक्यावर मी खिळे जुळवले. मथळा: 'वसंतात आपल्या प्राण्यांना धनाजीरावांपासून जपा'. पहिलं कलम, रंगाचं. दुसरं, व्हिडिओचं. तिसरं, 'हाडकातून विष घालून मुक्या जनावराचा जीव घेणारा हा इसम आपल्याच बोळात दुकान मांडून बसला आहे'. भाषा मला पाठ होती, ती मी भाकरीबरोबर खाल्ली होती. दोनशे प्रती मी एकटीनं पायानं ट्रेडल हाणून काढल्या. छापखान्याचं नाव घातलं नाही. विसरले नव्हते. दहाच्या आत पत्रक तालमीच्या भिंतीवर होतं, दुधाच्या केंद्रावर होतं, चहाच्या टपरीवर होतं, धनूकाकांच्या शटरवर तर तीन होती. मला खूप बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

धनूकाकांनी शटरवरचं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि भर बोळात मोठ्यानं वाचलं. मला वाटलं होतं ते हादरतील. ते खुलले. "बघा, बघा मंडळी! मी इष घालीन व्हय मुक्या जनावराला? दुपारी जेवताना म्हटलं, खाऊ दे बिचारं, तर ह्ये बक्षीस!" दोघीचौघी बायका च्च् च्च् करून गेल्या. रंगपंचमीच्या रंगाची कुणाला आठवणही राहिली नाही. विषाच्या आरोपानं त्यांचा रंग धुऊन काढला होता, माझ्याच हातांनी, रॉकेलही न लावता.

बाबा दुपारच्या एसटीनं आले. टपरीवर त्यांनी ते पत्रक वाचलं होतं. घडी उघडून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"खाली नाव कुठाय?"

"नाही घातलं."

"का?"

त्यांनी शाईच्या डोक्यावरून हात फिरवला, मग खिशातून औषधवाल्या दुकानदाराचा तपासून आलेला मजकूर काढला. येताना तो घेऊनच आले होते. "गिऱ्हाईक खोळंबलंय," एवढंच म्हणाले आणि खिळे जुळवायला लागले. त्यांच्या गप्प बसण्यानं मला जी चीड आली ती अजून पुरती गेलेली नाही. ओरडले असते तर मी भांडले असते. तासाभरानं यंत्र सुरू झालं. बाबा कागद घालत होते, मी छापलेले उचलत होते, आणि सवयीनं वाचत होते. 'औषध लावताना घ्यायची काळजी. कातडी सोललेली, जखम झालेली असल्यास औषध लावू नये. अंग वाळेपर्यंत जनावराला चाटू देऊ नये. म्हशी-बैलांसाठीचं प्रमाण कुत्र्यांना वापरू नये. लाळ, थरथर, झटके दिसल्यास अंग ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवावं आणि औषध लावलं आहे हे डॉक्टरांना सांगावं.'

मी तो कागद उलटला. पुढच्या बाजूला माझं कृ. मा. प.

"बाबा, यंत्र थांबवा," मी म्हणाले. यंत्र थांबलं. शाई जागी झाली नाही.

आईनं हंडाभर पाणी तिच्या अंगावर ओतलं, आणि तो ओला कागद मुठीत धरून मी शाईला घेऊन रिक्षात बसले. डॉक्टरांनी वाचलं, आत जाऊन दुसरं इंजेक्शन भरलं, टोचलं, पुन्हा अर्ध्या तासानं टोचलं. मग हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल विचारलं होतं मी तुला."

शाई जगली. उजवा मागचा पाय मात्र कायमचा थरथरत राहिला. ती उभी राहिली की तो पाय फरशीवर टिकटिक वाजायचा, यंत्र बंद असतानाही घरात एक बारीकसा ठोका चालू असल्यासारखा. पुढची अनेक वर्षं मी त्या आवाजात अभ्यास केला.

तिसऱ्या दिवशी धनूकाका तालमीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन छापखान्यात आले. औषधाची गोष्ट आईनंच पाण्याच्या नळावर सगळ्यांना सांगून टाकली होती. "पोरीचं चुकलं, माझंबी चुकलं," असं म्हणाली होती. ती कधीच पत्रकं वाचत नव्हती, म्हणून कदाचित तिला हे सोपं गेलं.

"माफी पायजे," धनूकाका म्हणाले. "छापून. दोनशेच्या दोनशे."

"मिळेल," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "लिही."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसून लिहिलं. 'धनाजीरावांनी आमच्या कुत्रीला विष घातलं नाही. मी खोटं छापलं. गोचिडाचं औषध आम्हीच चुकीचं लावलं आणि डॉक्टरांपासून मी ते लपवलं.' खाली माझं पूर्ण नाव, छापखान्याचं नाव. अक्षर नीट आलं. धनूकाकांनी मान डोलावली. "ह्ये बरं झालं. झकास."

मी कागद उलटला आणि मागच्या बाजूला लिहायला लागले. 'रंगपंचमीला धनाजीरावांनी तिला लोखंडाचा चंदेरी रंग लावला. त्याचा व्हिडिओ काढला. तो रंग काढताना तिचं कातडं सोललं. त्या सोललेल्या कातड्यातून औषध भिनलं.'

"ह्ये कशाला?" धनूकाका पुढे वाकले. "माफी म्हणजे माफी. मागचं खोडा."

"यातलं खोटं काय आहे काका?"

"खोट्याचा प्रश्न न्हाय गं! चेष्टा केल्ती मी. त्ये आन् ह्ये येगळं हाय."

"मग तसं लिहू? चेष्टेत केलं म्हणून?"

वडीलधाऱ्यांपैकी एकजण तंबाखू मळता मळता थांबला. "धनाजी, रंग तू लावला न्हवतास व्हय? मलाबी आलाय त्यो इडिओ."

धनूकाका बाबांकडे वळले. "आहो, तुमी तरी सांगा पोरीला. पुढचं तेवढं छापा, बास."

बाबांनी दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटलं, आता ते मोठ्या मनाचं काहीतरी बोलणार, आणि मी त्यांना जन्मभर माफ करणार नाही. ते म्हणाले, "धनाजीराव, एकदा पाठकोरं पत्रक घरात राहिलं आणि कुत्रं मरता मरता वाचलं. आता या छापखान्यातनं पाठकोरं काही बाहेर जाणार नाही. छापलं तर दोन्ही बाजू. नाहीतर एकही नाही, आणि विषवालं पत्रक भिंतीवर आहे तसं राहू दे."

धनूकाका घामेजले. मग दुकानदाराची अक्कल चालली. "बरं. मग खाली एक घाला," ते म्हणाले. "धनाजीराव हितनं पुढं चंदेरी रंग इकताना गिऱ्हाइकाला इचारनार, कशाला पायजे म्हणून. म्हंजे लोकास्नी कळंल, मानूस वाईट न्हाय."

"घालते," मी म्हणाले. आणि घातलं. त्यांच्याच शब्दांत, ठळक खिळ्यांत.

पत्रक वाटलं गेलं. माझं नाव पेठेत खोटारडी म्हणून वर्षभर तरी घेतलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण मागची बाजूही वाचली गेली. पुढच्या रंगपंचमीच्या आठवड्यात कुणीही चंदेरी मागितला की दुकानात बसलेला एखादा ओरडायचा, "ओ धनाजीराव, इचारा की!" आणि त्यांना विचारावं लागायचं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. छापखाना संगणकावर गेला, शाई गेली, बाबांनी डोळ्यांमुळे खिळे सोडले. धनूकाका अजून गल्ल्यावर बसतात, केस पांढरे झालेत. मी पेठेत राहत नाही, पण दरवर्षी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी येते आणि त्यांच्या दुकानात जाऊन चंदेरी रंगाचा सगळ्यात लहान डबा मागते. ते माझ्याकडे बघतात. आजूबाजूला गिऱ्हाइकं असतात. मी वाट बघते.

"कशाला पायजे?" ते विचारतात.

"खिडकीच्या गजांना," मी सांगते.

आमच्या खिडकीचे गज आता इतके जाड झालेत की कवाड नीट लागत नाही. यंदाही एक हात दिला.